मुलं असलेले विद्यार्थी, मेन्टेनन्स लोन आणि युनिव्हर्सल क्रेडिट (इंग्लंड): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, पदरी मूल असताना डिग्री करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मराठी पालकांसाठी ही माहिती आहे. आकडे २०२५-२६ चे आहेत. युनिव्हर्सल क्रेडिटचे (कमी उत्पन्नाच्या घरांना दरमहा मिळणारी सरकारी मदत) दर प्रत्येक एप्रिलमध्ये बदलतात आणि स्टुडंट फायनान्सचे (विद्यार्थ्यांना सरकारी लोन आणि ग्रँट देणारी यंत्रणा) नव्या शैक्षणिक वर्षाबरोबर, त्यामुळे आकडा वापरण्यापूर्वी चालू वर्षाचा पडताळून घ्या. हिशोबाची रीत मात्र तीच राहते, आणि घोटाळा होतो तो बहुतेक वेळा रीतीतच. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये विद्यार्थ्यांना पैसे वेगळ्या पद्धतीने मिळतात, म्हणून इथली उदाहरणं तिथे जशीच्या तशी लावू नका.

पूर्णवेळ विद्यार्थ्याला युनिव्हर्सल क्रेडिट मिळतच नाही असं ऐकलंय. खरं काय?

सर्वसाधारण नियम तोच आहे, पण त्याला अपवाद आहेत आणि मूल सांभाळणारा विद्यार्थी हा त्यातला सगळ्यात मोठा. एकटी आई, एकटा बाप, किंवा दोघंही पूर्णवेळ शिकणारं जोडपं, मूल तुमच्याकडे राहत असेल तर अर्ज करता येतो. जोडप्यातला एकच जण शिकत असेल तरी येतो. मिळतं का, याचं उत्तर ‘हो’. पण मेन्टेनन्स लोन, म्हणजे राहण्या-खाण्याच्या खर्चासाठीचं विद्यार्थी लोन, तुमचं उत्पन्न धरून युनिव्हर्सल क्रेडिटमधून कापतात. खरा प्रश्न आहे ते धरल्यावर हातात किती उरतं हा.

आम्ही भारतातून स्टुडंट व्हिसावर आलो आहोत, मूल सोबत आहे. आम्हाला?

नाही. तुमच्या व्हिसावर सरकारी मदत घेण्यास मनाई आहे. युनिव्हर्सल क्रेडिट आणि चाइल्ड बेनिफिट दोन्ही त्या मनाईत येतात, आणि चुकून घेतलं तरी पुढच्या व्हिसाच्या वेळी ते आडवं येऊ शकतं. खालची सगळी माहिती ब्रिटिश नागरिक, इथे कायमच्या वास्तव्याची परवानगी असलेले आणि ज्यांच्या परवान्यावर अशी अट नाही अशांसाठी आहे. आणखी एक खाचखळगा: कायमची परवानगी हातात पडली म्हणजे स्टुडंट फायनान्सही लगेच मिळेल असं नाही, त्यासाठी साधारणपणे आधीची तीन वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं.

जोडप्यात एक नागरिक आणि दुसऱ्याच्या व्हिसावर मनाई, अशी घरं आपल्याकडे बरीच. तिथे नागरिक असलेल्याने अर्ज करायचा. पैसे एकट्या व्यक्तीच्या दराने मिळतात, पण जोडीदाराचा पगार आणि बचत दोन्ही हिशोबात धरली जातात. अर्जात जोडीदार लपवायचा नाही, त्याला सरकारी मदत घेता येत नाही एवढं स्पष्ट लिहायचं.

लोन तर फेडायचं असतं. मग ते उत्पन्न कसं?

हा राग रास्त आहे, पण नियमात त्याला जागा नाही. मेन्टेनन्स लोन जगण्याच्या खर्चासाठी दिलेलं असतं आणि युनिव्हर्सल क्रेडिटही त्याच खर्चासाठी, म्हणून एकाच खर्चाला दोनदा पैसे नकोत असा त्यामागचा युक्तिवाद. जुन्या टॅक्स क्रेडिटमध्ये हे लोन मोजलं जात नसे. ती योजना ५ एप्रिल २०२५ ला बंद झाली. तेव्हा पाच-सात वर्षांपूर्वी शिकलेल्या मैत्रिणीने ‘लोनचा काही फरक पडत नाही गं’ असं सांगितलं असेल, तर ती खोटं बोलत नाही, तिच्या वेळचे नियम सांगते आहे.

नेमके कोणते पैसे मोजतात आणि कोणते सोडतात?

ट्यूशन फी लोन मोजत नाहीत, ते थेट युनिव्हर्सिटीला जातं. डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स, चाइल्डकेअर ग्रँट आणि पेरेंट्स लर्निंग अलाउन्स (वर्षाला ५० ते २,०२४ पौंड) हेही सोडतात. युनिव्हर्सिटीची बर्सरीही (परत न करायची आर्थिक मदत), लोनला पात्र असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत, सहसा सोडतात. ती खास घरभाड्यासाठी किंवा अवलंबून असलेल्या माणसासाठी दिलेली नसली म्हणजे झालं.

मोजतात ते मेन्टेनन्स लोन, पण त्यातला ‘स्पेशल सपोर्ट’ नावाचा भाग वगळून. बेनिफिटला पात्र असलेल्या विद्यार्थ्यांना लोन थोडं जास्त मिळतं आणि त्यातला हजारो पौंडांचा एक हिस्सा पुस्तकं, प्रवास, मुलांची देखभाल अशा खर्चासाठी वेगळा काढलेला असतो. तो युनिव्हर्सल क्रेडिटमधून कापायचा नसतो. स्टुडंट फायनान्सकडून येणाऱ्या पत्रात ही रक्कम वेगळ्या ओळीत असते. ती ओळच नसेल तर थेट फोन करा आणि आपण बेनिफिटला पात्र आहोत हे त्यांच्या नोंदीत चढलंय का ते विचारा. ही एक ओळ राहिली, तर वर्षभर दरमहा काही शे पौंड जास्त कापले जातात.

ॲडल्ट डिपेंडंट्स ग्रँट (तुमच्यावर अवलंबून असलेल्या प्रौढ माणसासाठीची) मात्र पूर्ण मोजतात. वर्षाला ३,५४५ पौंडांपर्यंतची ही ग्रँट एका हाताने येते आणि युनिव्हर्सल क्रेडिट चालू असेल तर जवळजवळ तेवढीच दुसऱ्या हाताने जाते. ती घेण्यात तोटा नाही, पण तिच्या भरवशावर घरखर्चाचं गणित मांडू नका.

हिशोब करून दाखवा.

युनिव्हर्सल क्रेडिट महिन्याच्या हिशोबाने चालतं. हा महिना कॅलेंडरचा नसतो, तुम्ही अर्ज केलेल्या तारखेपासून सुरू होतो. त्याला असेसमेंट पिरियड म्हणतात.

समजा एकटी आई, वय २९, एक मूल, २०१९ सालचं. असेसमेंट पिरियड दर महिन्याच्या ५ तारखेपासून पुढच्या ४ तारखेपर्यंत. कोर्सचं वर्ष २२ सप्टेंबर २०२५ ला सुरू, उन्हाळ्याची मोठी सुट्टी १३ जून २०२६ पासून. सोपं जावं म्हणून गोल आकडे घेऊ: लोन १२,००० पौंड, त्यातला स्पेशल सपोर्ट ४,०००. मोजायचे उरले ८,०००.

आता महिने मोजायचे. वर्ष ज्या पिरियडमध्ये सुरू होतं तो धरायचा, मग एखादाच आठवडा कोर्स झालेला का असेना. मोठी सुट्टी ज्या पिरियडमध्ये सुरू होते तो सोडायचा. इथे ५ सप्टेंबरचा पिरियड आत, ५ जूनचा बाहेर. झाले नऊ.

८,००० भागिले ९ म्हणजे ८८८.८९. दर पिरियडला ११० पौंडांची सूट असते, ती वजा करून उरतात ७७८.८९ पौंड. एवढी रक्कम दरमहा कापली जाईल.

तिचं पूर्ण युनिव्हर्सल क्रेडिट असं: स्वतःचे ४००.१४, मुलाचे २९२.८१, आणि घरभाडं समजा ७५० (ते तुमच्या भागासाठी ठरलेल्या मर्यादेत बसलं तर). एकूण १,४४२.९५. त्यातून ७७८.८९ गेले की हातात ६६४.०६ पौंड. एप्रिलमधला दरबदल सोडला तर सप्टेंबरच्या पिरियडपासून मेच्या पिरियडपर्यंत हा आकडा, आणि जूनच्या पिरियडपासून पुन्हा पूर्ण १,४४२.९५.

तारखांनी किती फरक पडतो तेही बघा. त्याच आईचा पिरियड १४ तारखेला सुरू होत असता, तर १४ मे ते १३ जूनच्या पिरियडमध्येच सुट्टी सुरू झाली असती आणि तो सुटला असता. उरले असते आठच महिने, दरमहा कापणी ८९० ची. वर्षाच्या बेरजेत हा फरक फक्त ११० पौंडांचा, एका महिन्याच्या सवलतीएवढा, पण दर महिन्याचं गणित बरंच बदलतं.

लक्षात ठेवण्यासारखी आणखी एक गोष्ट: लोनची कापणी पूर्ण होते, पौंडाला पौंड. पगारासारखी अर्धी-पाऊण नाही.

मग मी लोनच घेतलं नाही तर?

तरी मोजलं जातं. वाजवी प्रयत्न केल्यास तुम्हाला जास्तीत जास्त जेवढं लोन मिळू शकलं असतं, तेवढं उत्पन्न धरायचं असा नियम आहे. अर्ज न करणं, अर्धंच घेणं, उशिरा अर्ज करणं, कशानेही कापणी टळत नाही. म्हणजे लोन नाकारणारा पालक न घेतलेल्या पैशांपायी युनिव्हर्सल क्रेडिटही गमावतो. कर्जाची भीती वाटत असेल तर फेडीची अट आधी बघा: ऑगस्ट २०२३ नंतर सुरू झालेल्या पदवी अभ्यासक्रमांत वर्षाला २५,००० पौंडांच्या वरच्या कमाईवर ९ टक्के, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ. युनिव्हर्सल क्रेडिट घेत असाल तर लोन पूर्ण घ्या, असंच आमचं मत आहे.

नवऱ्याच्या पगारामुळे माझं लोन कमी मंजूर झालं. निदान तेवढंच धरतील ना?

नाही. आणि या नियमाचा फटका सगळ्यात अनपेक्षितपणे बसतो. युनिव्हर्सल क्रेडिटचा हिशोब करताना कोणाच्याही पगारामुळे लोन कमी झालेलंच नाही असं धरतात. लंडनबाहेर, आईवडिलांपासून वेगळं राहणाऱ्या विद्यार्थ्याचं सर्वसाधारण कमाल लोन १०,५४४ पौंड आहे आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणे ते ४,९१५ पर्यंत खाली येतं. खात्यात ४,९१५ आले तरी हिशोबात १०,५४४ (स्पेशल सपोर्टचा भाग असेल तर तो वगळून). वर नवऱ्याचा पगारही वेगळा मोजला जातो. दोघांपैकी एक कमावता असलेल्या घरांनी कोर्सला नाव घालण्याआधी हा हिशोब कागदावर करावा.

एक दिलासा: मूल सांभाळत असाल तर स्टुडंट फायनान्स तुम्हाला स्वतंत्र विद्यार्थी मानतं, तुमच्या आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाही.

लोनचा हप्ता अजून आला नाही आणि पैसे कापले. चूक झाली का?

बहुधा नाही. लोन तीन हप्त्यांत येतं, दर टर्मच्या सुरुवातीला एक, पण युनिव्हर्सल क्रेडिट ते नऊ महिन्यांवर सारखं पसरून कापतं. वरच्या उदाहरणात पहिली कापणी साधारण ११ ऑक्टोबरच्या पेमेंटमध्ये दिसेल, कारण पैसे पिरियड संपल्यानंतर सात दिवसांनी येतात. युनिव्हर्सिटीने तुमची नोंदणी स्टुडंट फायनान्सला कळवली नाही तर पहिला हप्ता अडकतो. युनिव्हर्सल क्रेडिट मात्र थांबत नाही. म्हणून लोनचा अर्ज कोर्स सुरू व्हायच्या आधी कित्येक महिने टाका आणि पहिल्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात जाऊन नोंदणी पूर्ण झाल्याची खात्री करा.

हप्ता आला की त्याचे महिन्याप्रमाणे भाग पाडून दुसऱ्या खात्यात ठेवणारे तरतात. जानेवारीत हप्ता आला आणि फेब्रुवारीत संपला, तरी मार्चची कापणी तेवढीच.

कोर्स करताना थोडी नोकरी केली तर?

केलेली बरी. मूल असलेल्या घराला पगाराचा पहिला भाग पूर्ण माफ असतो: घरभाड्याची मदत घेत असाल तर महिन्याला ४११ पौंड, नसाल तर ६८४. त्यावरच्या दर पौंडामागे ५५ पेन्स कापतात. वरच्या आईने महिन्याला हातात ६०० पौंड कमावले, तर ६०० वजा ४११ म्हणजे १८९, त्याचे ५५ टक्के १०३.९५. क्रेडिट तेवढंच कमी झालं, म्हणजे खिशात जवळजवळ ४९६ पौंड जास्त आले.

नर्सरीचा खर्च कोण देणार?

दोन वाटा आहेत आणि एका वेळी एकच घेता येते.

पहिली, स्टुडंट फायनान्सची चाइल्डकेअर ग्रँट. पूर्णवेळ पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी, १५ वर्षांखालच्या मुलांसाठी (विशेष शैक्षणिक गरज असल्यास १७ खालच्या). खर्चाचे ८५ टक्के, एका मुलाला आठवड्याला जास्तीत जास्त १९९.६२ पौंड, दोन किंवा अधिक मुलांना ३४२.२४. घरच्या उत्पन्नाप्रमाणे ती कमी होते. चाइल्डमाइंडर किंवा नर्सरी नोंदणीकृत हवी. आजी मुलाला सांभाळते म्हणून तिला पैसे देता येणार नाहीत. नोकरी करण्याची अट नाही.

दुसरी, युनिव्हर्सल क्रेडिटमधली चाइल्डकेअरची मदत. तीही ८५ टक्के, महिन्याला एका मुलासाठी १,०३१.८८ आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी १,७६८.९४ पौंडांपर्यंत. पण त्यासाठी पगाराची नोकरी हवी, आणि जोडपं असाल तर साधारणपणे दोघांनाही. नुसतं शिकणं पुरत नाही. शिवाय पैसे आधी नर्सरीला भरायचे, पावती अपलोड करायची आणि मग परत मिळवायचे.

नोकरी नसलेल्या विद्यार्थ्याला पहिली वाटच खुली. नोकरी करणाऱ्याने दोन्ही आकडे मांडून बघावेत. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर ही सरकारची वेगळी योजना या दोन्हींबरोबर चालत नाही.

फुकट तासांचंही बघा. तीन आणि चार वर्षांच्या सगळ्या मुलांना १५ तास मिळतात. घर युनिव्हर्सल क्रेडिटवर असेल आणि करानंतरचं वार्षिक उत्पन्न, बेनिफिट सोडून, १५,४०० पौंडांपर्यंत असेल, तर दोन वर्षांच्या मुलालाही १५ तास. नऊ महिन्यांपासूनचे ३० तास हे कमावत्या पालकांचे: आठवड्याला १६ तासांच्या किमान वेतनाएवढी कमाई लागते, दोन पालक असतील तर प्रत्येकाची.

जॉब सेंटर मला नोकरी शोधायला लावेल का?

ज्या महिन्यांत विद्यार्थी म्हणून उत्पन्न मोजलं जातं, त्या महिन्यांत नाही. उन्हाळ्यात मात्र पैसे पूर्ण मिळतात आणि अटीही परत येतात. सगळ्यात लहान मूल एक वर्षाखाली असेल तर काही नाही. एक वर्षाचं असेल तर फक्त भेटी. दोन वर्षांचं असेल तर कामाची तयारी. ३ ते १२ वर्षांचं असेल तर आठवड्याला ३० तासांपर्यंत काम किंवा कामाचा शोध. सप्टेंबरमध्ये कोर्स पुन्हा सुरू होतोय हे वर्क कोचला (जॉब सेंटरमधला तुमचा अधिकारी) सांगा, सुट्टीपुरतं काम शोधण्यावर बोलणी होऊ शकतात. भेट चुकवू नका.

लोन धरल्यावर माझं युनिव्हर्सल क्रेडिट शून्य झालं. आता?

स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं असं बऱ्याचदा होतं, कारण त्यांना भाड्याची मदत नसते. वरच्याच उदाहरणात भाडं काढून टाका: ६९२.९५ मधून ७७८.८९ जात नाहीत. दावा बंद होतो आणि उन्हाळ्यात आपोआप सुरू होत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. हा अर्ज कोर्सचं वर्ष संपायच्या आठवड्यातच टाका. मागच्या तारखेचे पैसे फार थोड्या कारणांसाठी आणि जास्तीत जास्त एका महिन्याचेच मिळतात, आणि पहिलं पेमेंट यायला पाच आठवडे लागतात. जुलै अर्धा सरल्यावर आठवण होणाऱ्यांचा एक महिना हकनाक जातो.

क्रेडिट शून्य झालं की त्याच्या आधाराने मिळणाऱ्या सवलतीही थांबतात. औषधं, दात आणि चष्म्यासाठी मग कमी उत्पन्नाच्या योजनेचा एचसी-वन फॉर्म भरा.

मास्टर्स करत असेन तर?

पोस्टग्रॅज्युएट मास्टर्स लोनची फक्त ३० टक्के रक्कम उत्पन्न धरतात, कारण त्या लोनमध्ये फीही आलेली असते. कमाल लोन १२,८५८ पौंड, त्याचे ३० टक्के ३,८५७.४०. महिन्यांत भागून ११० वजा केल्यावर कापणी बरीच हलकी होते. दुसरी बाजू अशी की या लोनवर चाइल्डकेअर ग्रँट मिळत नाही.

पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे. त्याचा इथे काय संबंध?

थेट आहे. बचत ६,००० पौंडांच्या वर गेली की दर २५० मागे महिन्याला ४.३५ पौंड कापतात आणि १६,००० च्या वर, म्हणजे वीस लाख रुपयांच्या आतबाहेर, काहीच मिळत नाही. भारतातली एफडी, शेअर्स आणि तुम्ही स्वतः राहत नसलेलं घर हे सगळं त्यात येतं. घराच्या किमतीतून विक्रीखर्चाचे १० टक्के आणि त्यावरचं गृहकर्ज वजा होतं. पण त्या घरात तुमचे आईवडील किंवा सासूसासरे राहत असतील आणि त्यांनी ब्रिटनचं पेन्शनचं वय गाठलं असेल, तर ते घर मोजत नाहीत. तेच घर भाड्याने दिलं असेल तर मोजतात. वडिलोपार्जित जमिनीतल्या हिश्श्याचं प्रकरण गुंतागुंतीचं असतं, अर्जाआधी सिटिझन्स ॲडव्हाइसला (मोफत सल्ला देणारी संस्था) विचारा. भारतातली मालमत्ता इथे कळत नाही अशा भरवशावर अर्जात ‘नाही’ लिहिणं महागात पडतं.

चाइल्ड बेनिफिट, कौन्सिल टॅक्स, शाळेतलं जेवण यांचं काय?

चाइल्ड बेनिफिटला लोनने काहीही फरक पडत नाही: पहिल्या मुलाला आठवड्याला २६.०५, पुढच्या प्रत्येकाला १७.२५ पौंड. घरातले सगळे प्रौढ पूर्णवेळ विद्यार्थी असतील, किंवा एकटा विद्यार्थी पालक आणि मुलं असतील, तर कौन्सिल टॅक्स माफ. एक प्रौढ विद्यार्थी नसेल तर सहसा २५ टक्के सूट. युनिव्हर्सिटीचं प्रमाणपत्र जोडून कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो. शाळेतल्या मोफत जेवणासाठी २०२५-२६ च्या शालेय वर्षात घराची करानंतरची कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या आत हवी, आणि लोन ही कमाई नव्हे. फक्त युनिव्हर्सल क्रेडिट चालू हवं.

तिसरं मूल असेल तर?

एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलासाठी सहसा वेगळे पैसे मिळत नसत. ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठवण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली.

कोर्स मध्येच सोडला तर?

कोर्स ज्या पिरियडमध्ये संपतो त्यापासून कापणी थांबते. त्याच दिवशी दोन्हीकडे कळवा. स्टुडंट फायनान्स न शिकलेल्या दिवसांचं लोन परत मागू शकतं. सुट्टी घेणं आणि कोर्स सोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत; आजारपणाची किंवा कोणाची शुश्रूषा करण्यासाठीची रजा असेल तर युनिव्हर्सिटीचं पत्र हाताशी ठेवा.

कळवायचं कसं, आणि हिशोब चुकला तर?

युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात बदल नोंदवा आणि जर्नलमध्ये (त्या खात्यातला संदेशांचा भाग) एकाच संदेशात चार गोष्टी लिहा: कोर्सच्या वर्षाची पहिली तारीख, मोठी सुट्टी सुरू होण्याची तारीख, मेन्टेनन्स लोनची पूर्ण रक्कम, त्यातली स्पेशल सपोर्टची रक्कम. स्टुडंट फायनान्सचं पत्र जोडा. हे दर वर्षी नव्याने करायचं.

पहिलं स्टेटमेंट आलं की कापणीच्या भागातली रक्कम वरच्या रीतीने ताडून बघा. सापडणाऱ्या चुका ठरलेल्या: स्पेशल सपोर्ट वगळलेला नसतो, ११० ची सूट विसरलेली असते, फी लोन मिसळलेलं असतं, किंवा जूननंतरही कापणी चालू राहते. जर्नलमध्ये आकड्यांसह लिहा. दाद लागली नाही तर निर्णयापासून एका महिन्यात मॅन्डेटरी रीकन्सिडरेशन (निर्णयाचा फेरविचार) मागा, तेही फेटाळलं तर पुढच्या एका महिन्यात ट्रायब्युनलकडे अपील. उलट बाजूने, त्यांनी चुकून जास्त दिले तर गप्प बसू नका. चूक त्यांची असली तरी ते पैसे तुमच्याकडून वसूल होऊ शकतात, आणि ही वसुली सहसा कोर्स संपल्यावर, पहिली नोकरी लागायच्या सुमारास दारात येते.